बसून रांधणारी

बुऱ्हाणपूर, ४ मार्च २०२५

आत्या,

नमस्कार कागदावरच घे. खाली वाकले तर मला उठवायला दोन माणसं लागतात. हे दुपारी लिहिते आहे, कारण सकाळी अकरापर्यंत माझी बोटं मिटत नाहीत. चहाचा कप दोन तळहातांत धरून पिते. डॉक्टर याला संधिवात म्हणतात, त्यातला वाईट प्रकार, म्हातारपणाची वाट न पाहणारा. चाळिशीला आला, आता चौथं वर्ष. तुला ऐकू येत नाही म्हणून फोनवर कधी सांगितलं नाही. शिवाय मी फोनवर बोलायला लागले की सासूबाई टीव्हीचा आवाज बारीक करतात.

मला किळस आलीय आत्या. मोबाईलवरच्या बायांची किळस येते, ज्या 'पाच मिनिटांत झटपट' म्हणत अर्धा तास कांदे चिरतात. बघायला येणाऱ्यांची येते. त्यांना माझी बोटं हातात घेऊन बघायची असतात, आणि मग पदराला हात पुसायचे असतात. परवा सासूबाईंनी माझी पोळी दोन बोटांनी उचलली, वास घेतला, बाहेर जाऊन गाईला घातली. मी हाताला मलम लावते, त्याचा वास पिठाला लागतो म्हणे. मी कोपरापर्यंत साबण लावून मग पीठ मळते, तरी लागतो. गाईनं मात्र खाल्ली.

ओट्याशी उभी राहिले की वीस मिनिटांत गुडघे भरतात. कुकर उचलताना मनगट सोडून देतं. मागच्या महिन्यात वरणाचं पातेलं हातातून गेलं. हे दारात उभे होते. भाजलं का ते विचारलं नाही, म्हणाले, आता काय जेवायचं. पुसायला मीच बसले, आणि बसलेली उठता येईना म्हणून तिथंच वरणात बसून राहिले. स्वतःची एवढी घाण मला कधी वाटली नव्हती.

आता मुद्द्याचं. तृप्ती इंदूरला सिव्हिलच्या डिप्लोमाला आहे, दुसरं वर्ष. आमच्या खानदानात पुलाचा नकाशा वाचणारी पहिली पोरगी. गेल्या आठवड्यात जेवताना सासूबाई म्हणाल्या, घरात धडधाकट पोरगी असताना आपण असलं किती दिवस गिळायचं, जूनची परीक्षा झाली की तिचं नाव काढून आणा. हे खाली मान घालून जेवत राहिले. मी म्हटलं, माझ्यानं होतं. तेव्हा मान वर आली. म्हणाले, ठीक आहे, आखाजीला निंबोल्याची भावकी जेवायला येते, बारा-तेरा माणसं, तेवढं एकटीनं करून दाखव. नाही जमलं तर तृप्ती घरी.

आखाजी कॅलेंडरात अक्षय्य तृतीया म्हणून तीस एप्रिलला आहे. म्हणून तुला लिहिते. तुझा पाय पोलिओनं लहानपणीच गेला आणि तू चुलीशी बसून आईला हाताखाली मदत करायचीस, एवढं आठवतं. आई ताटं घेऊन बाहेर यायची आणि पाहुणे तिच्या डुबुकवड्यांची तारीफ करायचे. तिची ती पुरणाची दिंडं. आई काही मला शिकवून गेली नाही. तू शेजारी असायचीस, तिची पद्धत पाहिली असशील. कमी ताकदीत होईल असं जे काही असेल ते लिही.

तुझी निशा

डोईफोडिया, १३ मार्च

निशे,

पत्र वाचलं. मग तुझ्या सासूला दोन शिव्या दिल्या. मला ऐकू येत नाही, शेजाऱ्यांना येतं.

तुझी आई कशी करायची म्हणतेस. जे मला माहीत आहे ते सांगते. पहिलं म्हणजे उभं राहणं बंद कर. उभ्यानं रांधलं म्हणजे जास्त चवदार होतं असं कुठं लिहिलंय? एक खुर्ची घे, पाठीची, आणि ओटा उंच पडत असेल तर शेगडी खाली टेबलावर आण. गावात मला बैठी सुमन म्हणत आणि पाठीमागे म्हणत, बसून खाते. नऊ माणसांचं रांधून बसून खाणारी मी एकटीच असेन.

दुसरं, भरलेलं भांडं उचलायचं नाही. कधीच नाही. रिकामं भांडं शेगडीवर ठेव आणि तांब्यानं पाणी भर. डाळ शिजली की पातेलं वाकडं करून पाणी काढू नको, झाऱ्यानं डाळ उचलून दुसऱ्यात घे. जागेवरून हलवायचं असेल तर ओल्या फडक्यावर ठेवून फडकं ओढ. पीठ भिजवतानाही पातेल्याखाली ओलं फडकं टाक, म्हणजे ते पळत नाही आणि धरून ठेवायला दुसरा हात लागत नाही.

तिसरं, तुझ्या पळीचे, सुरीचे, झाऱ्याचे दांडे बारीक असतील. जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या काढ आणि दांड्यांना गुंडाळून मनगटाएवढे जाड कर, वर दोरा. जाड दांड्याला मूठ आवळावी लागत नाही. चिंध्या आठवड्यानं बदल, नाहीतर खरंच वास मारतील आणि सासूला खरं बोलायला मिळेल.

पोळ्या लाटणं सोड. वरणफळं कर, कणीक तोडून उकळत्या वरणात टाकायची, आकार कोणी विचारत नाही. कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ पातळ भिजवून धिरडी घाल, भाकर थापायची गरज नाही. डुबुकवड्यांना तर हात लागतच नाही. बेसन सैल भिजव, रस्सा खदखदला की चमच्यानं सोडत जा. सकाळी हात चालत नाहीत ना, मग आदल्या संध्याकाळी डाळ-तांदूळ धुऊन डब्यांत घालून कुकरात लावून ठेव, सकाळी फक्त शेगडी पेटव. आणि दर पाऊण तासानं आडवी पड, दमल्यावर नव्हे, दमायच्या आधी.

आखाजीचं नंतर बोलू. आधी महिनाभर घरातल्या तिघांचं कर.

आत्या

बुऱ्हाणपूर, २९ मार्च

आत्या,

आईच्या पद्धती एवढ्या सोप्या होत्या हे मला माहीतच नव्हतं. तिला उभं राहून काम करताना पाहिल्यासारखं आठवतं, पण ते वाढताना असेल.

तृप्तीची अभ्यासाची खुर्ची मोकळीच होती, ती स्वयंपाकघरात आणली. यांच्या दुकानात पॉवरलूमच्या सुट्या भागांचे लाकडी खोके येतात, त्यातले दोन एकावर एक ठेवून त्यावर इंडक्शनची शेगडी मांडली. पळीचे दांडे जाड केले. पहिल्या दिवशी वरणफळं केली आणि शेवटी मनगटात जीव उरला होता. मी आत जाऊन रडले. आनंदानं नव्हे, चार वर्षं उगाच उभी राहिले म्हणून.

पण घरातलं ऐक. सासूबाईंनी खुर्ची पाहिली आणि म्हणाल्या, ऑफिस उघडलंय का. चिंध्या गुंडाळलेली पळी बघून त्यांना ओकारी आली, खरोखरची, मोरीत जाऊन थुंकल्या. संध्याकाळी कुकरात भिजवून ठेवलेलं त्या शिळं म्हणतात. आत्या, कच्चे तांदूळ शिळे कसे होतात? मी विचारलं तर म्हणाल्या, तुला नियम शिकवायला माहेरी कोणी नव्हतं. मग त्यांनी स्वतःचा भात वेगळा लावला, करपवला, आणि करपलेला भात माझ्यासमोर बसून चवीनं खाल्ला.

यांचं तर मला समजतच नाही. धिरडी यांना आवडतात. चार-पाच खातात आणि शेवटचा घास गिळून झाल्यावर म्हणतात, हे आजाऱ्याचं खाणं झालं. ताट तिथंच ठेवून उठतात. त्या ताटाच्या कडेला हात धुतलेलं पाणी, त्यात भाताची शितं फुगलेली. बावीस वर्षं मी ते उचलत आले. आता वाकता येत नाही म्हणून सगळ्यांत आधी ते दिसायला लागलं.

तरी रोजचं जमतंय. उरली आखाजी. सासरी त्या दिवशी खापरावरचे मांडेच लागतात. दोन्ही हातांवर पोळी फिरवत फिरवत वाढवायची ती, मला या जन्मात जमायची नाही. काय करू?

निशा

डोईफोडिया, ७ एप्रिल

निशे,

मांडे विसर. पुरणाची दिंडं कर, ती वाफेवर होतात. दिंडं नागपंचमीची म्हणून कोणी नाक मुरडलं तर सांग, पितरांना दात नसतात, मऊ बरं पडतं.

कणीक आदल्या दिवशी दुपारी भिजव. पुरीचं यंत्र घे, दांडा दाबला की पुरी होते. दांडा हातानं नको, कोपरानं दाब. पुरण आदल्याच दिवशी शिजवून ठेव. पुरीत पुरण, चारी कडा दुमडून चौकोनी पुडी, चाळणीवर तूप लावून वाफेला. वीस-वीसचे चार घाणे. घाणा वाफेवर असताना तू आडवी. कढी सगळ्यांत शेवटी. भजी-कुरडया तळायला जाऊ नको, तापलेल्या तेलाशी तुझं मनगट नको. डुबुकवड्यांचा रस्सा कर, तेराचं एकाच पातेल्यात होतं.

घाई लागली तरी उभी राहू नको. मी एकदा राहिले होते. त्याचा डाग अजून मांडीवर आहे.

धिरडी खाऊन झाल्यावर नावं ठेवणाऱ्या माणसाला पहिल्या घासाला विचारायचं असतं, शेवटच्या नाही. पण तो नवरा तुझा आहे, तू बघ.

आत्या

बुऱ्हाणपूर, ४ मे

आत्या,

तीन दिवस हे पत्र लिहायला घेते आणि फाडते.

झालं सगळं. सगळं जमलं. सोमवारी पुरण, मंगळवारी कणीक, बुधवारी पहाटे काहीच नाही, कारण हात मेलेले होते. तृप्ती दोन दिवसांच्या सुटीवर आली होती, मी तिला ओट्याला हात लावू दिला नाही. भांडी घासलीस तर चालेल म्हटलं, कारण अट फक्त एकटीनं रांधायची होती. साडेनऊला मी खुर्चीत बसले, बोटं मोकळी होईपर्यंत नुसत्या कोपरानं पुऱ्या दाबल्या, आणि दीड वाजता एकूण ब्याऐंशी दिंडं झाली होती. चार वेळा आडवी पडले. एकदाही उभी राहिले नाही. कढी फुटली नाही. बाहेर गोवरीच्या निखाऱ्यावर पितरांचा घास पडला आणि धूर सरळ वर गेला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे जमलं होतं.

हे मला म्हणाले, वाढायला बाहेर येऊ नको, पाय दुखतील. मला ते बरं वाटलं. मूर्ख मी. दाराआडून ऐकत बसले. निंबोल्याच्या वामनकाकांनी सहा दिंडं खाल्ली. ते यांचे चुलतकाका, भावकीत सगळ्यांत मोठे. डुबुकवड्यांचा रस्सा त्यांनी वाटीनं प्यायला.

आमच्या सासरी एक रीत आहे. आखाजीचं जेवण झालं की सगळ्यांत मोठा पुरुष रांधणारीला बाहेर बोलावतो आणि तिच्या ओटीत नारळ आणि खण घालतो. पितरांच्या वतीनं. मी साडी बदलली होती. हाताचं मलम पुसलं होतं. खुर्चीच्या हातांना धरून उठायची तयारी करत होते.

काकांनी हात धुतले आणि म्हणाले, "रांधनारी कोन शे? तिले बलाव भो."

आणि हे म्हणाले, "पोरीनं केलं काका, तृप्तीनं. छुट्टीवर आलीय ना."

मी ऐकलं. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मग सासूबाई आत आल्या, मोरीपाशी भांडी घासत बसलेल्या तृप्तीला दंडाला धरून उठवलं, तिचे ओले हात स्वतःच्या पदरानं पुसले आणि तिला बाहेर नेलं. तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायला हवं होतं. मी बोलले नाही, कारण मला उठायला अजून अर्धं मिनिट लागणार होतं, आणि तेवढ्यात सगळं झालं. तिच्या ओटीत खण पडला. लोक म्हणाले, काय हात आहे पोरीचा.

मी यांना संध्याकाळी विचारलं. म्हणाले, भावकीला कळलं असतं तर कोणी घास खाल्ला नसता, तुझ्या हातांना कोणी नावं ठेवू नयेत म्हणून बोललो, तुझ्याच भल्यासाठी. हे सांगताना दात कोरत होते. माझ्याच पुरणातलं काहीतरी अडकलं होतं.

आता पुढचं. एवढी सुगरण पोरगी इंदूरला कशाला, असं काका जाताना म्हणाले. त्यांच्या बायकोच्या माहेरची एक शोभाबाई आहे, खकनारची. मुलगा ललित, खतांचं दुकान. ते लोक अठरा मेला रविवारी तृप्तीला बघायला येणार. दोन दिवसांची सुटी संपली, पण तिची बॅग सासूबाईंच्या खोलीत आहे आणि कॉलेज बुडतंय. मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता, मी करून दाखवलं. हे म्हणाले, कोणी पाहिलं?

तृप्तीचाही मला राग आलाय. तोंड होतं ना तिला. ती म्हणते, "मम्मी, मैं क्या बोलती, सगळे बघत होते." ती रडते आणि मला तिला जवळ घ्यावंसं वाटत नाही. माझीच मला शिसारी येते. आईच्या घरी असलं कधी झालं नसतं.

निशा

डोईफोडिया, १० मे

निशे,

शेवटचं वाक्य तू लिहायला नको होतं. आता मला लिहावं लागतं.

तुझ्या आईला डुबुकवडे येत नव्हते. तिला दिंडंही येत नव्हती. तिची भाकर दगडासारखी व्हायची. तुझ्या बापाचं, देवरामचं लग्न झालं तेव्हापासून ती मरेपर्यंत, एकतीस वर्षं, त्या घरातलं सगळं मी रांधलं. चुलीपुढे पाटावर बसून, हा पाय असा आडवा टाकून. तू ज्याला हाताखाली मदत म्हणतेस ती मदत तुझी आई करायची. कांदे सोलायची, ताटं बाहेर न्यायची.

पहिल्या वर्षी कुठल्याशा पाहुण्यानं विचारलं, हे कोणी केलं. तुझा बाप म्हणाला, आमच्या घरातल्या बाईनं. आणि तुझ्या आईकडे पाहिलं. लुळ्या पायाच्या बहिणीच्या हातचं खाल्लं हे सांगायची त्याला लाज वाटली. तो वाईट नव्हता. मला औषध आणायचा, मला खाटेवरून उचलून ओसरीवर ठेवायचा. फक्त माझं नाव तोंडातून काढायचा नाही. तुझी आई खाली मान घालून उभी राहिली. तिनं एकदाही 'मी केलं' म्हटलं नाही, आणि एकदाही 'मी नाही केलं' म्हटलं नाही. मला देवरामपेक्षा तिचा राग जास्त यायचा. खोटं तो बोलायचा, पण ते टिकायचं तिच्या गप्प राहण्यावर.

आणि खरं विचारशील तर माझ्यावरही टिकायचं. मी आतून ओरडू शकले असते. मला वाटायचं, बाहेर गेले तर हे लोक माझा पाय बघतील आणि त्यांच्या पोटातलं ढवळेल. मी त्यांच्या पोटाची काळजी केली. एकतीस वर्षं.

तू पहिल्या पत्रात आईच्या हातचं म्हणालीस, तेव्हा मी मनात म्हटलं, असू दे, मेलेल्या बाईचं काढून घेऊन मी काय करू. म्हणून तिच्या नावानं माझंच तुला शिकवलं. ते चुकलं. तुला हे आधीच सांगितलं असतं तर आखाजीला तू दाराआड बसली नसतीस.

तृप्तीवर राग धरू नको. तिला अजून एकदा विचारलं जाईल. त्या वेळी तू दाराआड असू नकोस, एवढंच बघ.

सुमन

बुऱ्हाणपूर, २० मे

आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तृप्तीला दिलं. तिनं वाचून घडी घालून परत दिलं. मला बाबांची तसबीर बघवेना. मी ती काढली नाही, पण तिच्यासमोर बसून पोळी-भाजी खाताना घास फिरत होता. लहानपणी मी तुझ्यासमोर आईच्या मांडीत बसून म्हणायचे, आईसारखं कोणालाच येत नाही. तू ऐकायचीस. तेव्हा तुला ऐकू येत होतं.

रविवारी पाहुणे पाच वाजता येणार होते. पाच वाजता माझे हात उत्तम चालतात. ठरलं होतं असं, की मी आत करायचं आणि तृप्तीनं ट्रे घेऊन यायचं. मी हो म्हटलं. चार वाजता हे पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेले आणि सासूबाई साडी नेसायला आत गेल्या. तेवढ्यात तृप्तीनं बैठकीत खोके आणून मांडले, त्यावर शेगडी, शेजारी खुर्ची, पुरीचं यंत्र, चिंध्या बांधलेला झारा. तिला मी काही समजावलं नव्हतं. फक्त म्हटलं होतं, आज मी बाहेर बसणार.

ते आत आले तेव्हा मी कणकेत मनगटापर्यंत होते. वामनकाका, ही शोभाबाई, तिचा ललित, आणि मागे हे. मी म्हटलं, या, बसा, पहिला घाणा दहा मिनिटांत होतो. बाह्या मी मुद्दाम वर केल्या होत्या. बोटं कशी झालीत तुला माहीत नाही. सगळी करंगळीकडे झुकलीत, सांध्यांवर सुपारीएवढ्या गाठी आहेत. त्या गाठींना कणीक चिकटली होती. शोभाबाईनं पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला. वास पुरणाचा आणि वेलदोड्याचा होता, दुसरा कसलाच नव्हता.

सासूबाई बाहेर आल्या आणि जागीच थांबल्या. हे म्हणाले, काय तमाशा आहे हा, आत चल. मी यंत्राचा दांडा कोपरानं दाबला. मला भीती वाटत होती आत्या. पण मी खुर्चीत होते, आणि मला कोणी पटकन उठवू शकत नाही.

शोभाबाई काकांना म्हणाली, "आम्हाला तर सांगितलं पोरीच्या हातचं खायचंय."

काका म्हणाले की पोरीचंच असतं, आखाजीला आम्ही सगळे जेवलो, काय हात आहे. मग त्यांनी तृप्तीला विचारलं, "सांग ना बेटा, तूच केलं होतं ना?"

सगळे बघत होते. आखाजीपेक्षा जास्त. मी कणकेकडे पाहत राहिले. मी तोंड उघडलं असतं तर ते उत्तर माझं झालं असतं, तिचं नाही.

तृप्ती म्हणाली, "नाही काका. मम्मीनं केलं होतं. ह्याच खुर्चीवर बसून, ह्याच हातांनी. तुम्ही सहा खाल्ली."

वामनकाकांनी खांद्यावरचा गमछा घेतला आणि तोंड पुसलं. परत पुसलं. अठरा दिवसांपूर्वी जेवलेलं ते पुसत होते. मी इतकी वर्षं किळस पाहिली आहे, पण मोठ्या माणसाच्या तोंडावर इतकी उघडी कधी पाहिली नव्हती. आणि गंमत म्हणजे, ती बघून मला काही झालं नाही. त्यांची होती, त्यांच्याकडेच राहिली.

शोभाबाईनं जाताना एवढंच विचारलं, हे पोरीच्या रक्तात पण येतं का. सासूबाई नाही नाही म्हणत होत्या. मी म्हटलं, येऊ शकतं, सांगता येत नाही. ललित बिचारा चाळणीकडे बघत होता. त्याला भूक लागली असावी. आईनं त्याला उठवलं.

ते गेल्यावर घरात जे झालं ते लिहीत नाही, तुला ऐकू येत नसूनही ऐकू गेलं असतं. सासूबाई म्हणाल्या, आता या पोरीला कोणी विचारणार नाही. मी म्हटलं, कॉलेजात परीक्षेचं तेवढं विचारतील, ती नऊ जूनला आहे. बॅग द्या. त्यांनी दिली नाही. यांनी आत जाऊन आणली आणि दारात ठेवली, माझ्याकडे न बघता. मी कशी रांधते ते आता भावकीतल्या सगळ्यांत मोठ्या माणसानं पाहिलं होतं आणि 'कोणी पाहिलं' म्हणायची सोय राहिली नव्हती. सोमवारी सकाळी तृप्ती इंदूरच्या गाडीत बसली. रविवारी संध्याकाळी तिनं आणि मी समोरासमोर बसून दिंडं खाल्ली, तिनं सात, मी तीन. मी तिला सांगितलं की ही सुमन आत्याची आहेत. हॉस्टेलवर नेलेल्या डब्यावर तिनं चिठ्ठी चिकटवली, तुझं नाव लिहून. मैत्रिणींनी विचारलं तर सांगायला.

आज सकाळी हे स्वयंपाकघरात आले. कुकर लागला होता, मी खुर्चीत बसून धिरड्याचं पीठ ढवळत होते. म्हणाले, आता या घरात रांधायचं कोणी? मी म्हटलं, मीच, रोज, अशीच बसून. ज्याला किळस येईल त्यानं शेजारी उभं राहून आपलं आपण करून घ्यावं. ते ताट घेऊन आले. पहिला घास घेतला तेव्हा मी विचारलं, कसं झालंय. म्हणाले, चांगलं झालंय.

निशा